शिकारीविना माग: नाशिक जिल्ह्यात वन्यप्राणी ऋतूनुसार कसे शोधावेत आणि पाहावेत

नाशिक जिल्ह्यात शिकारीचा हंगाम कधी सुरू होतो, हा प्रश्न आजही विचारला जातो. मक्याच्या शेतात रानडुकरे शिरू लागली किंवा माळावर तितर ओरडू लागले की तो हमखास कानावर येतो. त्याचे उत्तर एवढेच आहे की असा हंगाम वर्षाच्या कोणत्याही महिन्यात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला तेव्हा मोठ्या आणि लहान सावजासाठी वेगवेगळे परवाने देण्याची आणि ठरावीक काळ शिकार बंद ठेवण्याची तरतूद त्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची आणि बंद काळाची ती कलमे काढून टाकली, आणि तेव्हापासून बंद काळ बारमाही झाला आहे. २०२२ मध्ये झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेली दुरुस्ती तर शिक्षा आणखी कडक करते: पहिल्या अनुसूचीतील (सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतील) प्राण्याची, म्हणजे बिबट्या, लांडगा, काळवीट, चिंकारा, मोर यांच्यापैकी कोणाचीही शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे.

कायद्याच्या दृष्टीने शिकार म्हणजे केवळ गोळी झाडणे नव्हे, हे प्रत्येकाने नीट समजून घ्यावे. फासा लावणे, विष घालणे, आमिष ठेवणे, हाका घालून प्राणी उठवणे, पकडणे, जखमी करणे, पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरट्याला धक्का लावणे, आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे शिकारीच्या व्याख्येत येते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही, परंतु त्या प्राण्याचे शव सरकारच्या मालकीचे असते. उभ्या पिकाला उपद्रव करणाऱ्या प्राण्याबाबत अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने कारवाई होऊ शकते; मात्र तो आदेश हाती येण्यापूर्वी शेतकऱ्याने स्वतःहून काही करू नये, कारण कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह डुकरापेक्षा शेजारच्या माणसाचा किंवा गाईचा जीव आधी घेतो.

शिकार थांबली ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु शिकारीबरोबर चालत आलेली विद्या, म्हणजे जमिनीवरचा माग वाचणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, पक्ष्यांच्या ओरडण्यावरून झुडपामागे काय चालले आहे हे जाणणे, ती हरवता कामा नये असे मला मनापासून वाटते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी आणि वारली वस्त्यांत ही विद्या जाणणारी वडीलधारी माणसे अजून आहेत, आणि त्यांच्यामागे ती कोणी शिकली नाही तर आपण आपल्याच रानात परके होऊ. पुढील मार्गदर्शन त्या विद्येचा उपयोग प्राणी पाहण्यासाठी आणि राखण्यासाठी कसा करावा याविषयी आहे.

कोठे जावे

जिल्ह्याचे दोन टोकांचे स्वभाव आधी लक्षात घ्यावेत. पश्चिमेला इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला येवला, नांदगाव, मालेगाव या भागात माळ, बाभळी आणि कोरडे ओढे आहेत. पश्चिमेच्या जंगलात भेकर, साळिंदर, उदमांजर आणि वानर असतात, परंतु दाट झाडीमुळे ते दिसतात कमी आणि ऐकू जास्त येतात. पूर्वेच्या मोकळ्या माळावर याच्या नेमके उलट घडते.

नवशिक्याने सुरुवात पूर्वेकडून करावी. येवला तालुक्यातील ममदापूर आणि राजापूर परिसरातील काळविटांचे संवर्धन राखीव क्षेत्र हे त्यासाठी सर्वांत सोपे ठिकाण आहे, कारण काळवीट उघड्यावर वावरते आणि त्याचे रक्षण लपण्यात नसून दूरवर पाहण्यात आणि धावण्यात असते. त्याच्याकडे सरळ चालत जाऊ नये. तिरके, थांबत थांबत, त्याच्याकडे न पाहता जावे, आणि कळपातील एका मादीने जरी मान वर करून टक लावली तरी तेथेच खाली बसावे. पंधरा-वीस मिनिटे न हलता बसणाऱ्या माणसाला कळप बहुतेक वेळा स्वीकारतो आणि पुन्हा चरू लागतो. दुचाकीवरून कळपाचा पाठलाग करून छायाचित्रे घेणारे लोक तेथे दिसतात. उन्हाळ्यात अशी एक धाव गाभण मादीच्या जिवावर बेतू शकते, आणि प्राण्याला असे पिटाळणे हा कायद्यानेही गुन्हा आहे.

पक्ष्यांसाठी निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरला पर्याय नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत जाऊन तयार झालेल्या या पाणथळीला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. चापडगाव आणि खाणगाव थडी येथील निरीक्षण मनोऱ्यांवरून हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, हळदीकुंकू, वारकरी आणि जांभळी पाणकोंबडी अगदी निवांत पाहता येतात. प्रवेशद्वारावर नोंद करून वनखात्याच्या नियमांप्रमाणेच आत जावे. रामशेजजवळचे बोरगड आणि त्र्यंबकेश्वरजवळची अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रेही पाहण्याजोगी आहेत. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात, म्हणून तेथे कड्याच्या काठावर आरडाओरडा आणि ड्रोन दोन्ही वर्ज्य समजावेत.

माग कसा वाचावा

माग वाचण्यासाठी सकाळची पहिली दोन तासांची वेळ उत्तम, कारण सूर्य खाली असताना ठशाच्या कडांची सावली पडते आणि उथळ ठसाही उठून दिसतो. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल अशा जागी उभे राहावे. भर दुपारी तोच ठसा डोळ्यांसमोर असून दिसत नाही. शोध घ्यायचा तो धुळीच्या बैलगाडीवाटेवर, ओढ्याच्या ओल्या काठावर, पाटाच्या कडेला आणि शेतबांधाच्या फटीत, म्हणजे जेथे प्राण्याला वाट अरुंद होते तेथे. ठसा सापडला की त्यावर पाय न देता बाजूने चालावे आणि पुढचा व मागचा ठसा शोधावा, कारण एकटा ठसा फसवतो आणि चार ठशांची ओळ क्वचितच फसवते.

पहिला प्रश्न नखांचा. मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे बिबट्या आणि रानमांजर यांच्या ठशात चार बोटे आणि तळवा दिसतो, परंतु नखांच्या खुणा दिसत नाहीत. तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगीर भाग स्पष्ट असतात. पूर्ण वाढलेल्या बिबट्याचा पंजा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंद असतो, तर रानमांजराचा चारच्या आसपास. कुत्रा, लांडगा, कोल्हा आणि तरस यांच्या ठशांत नखे उमटतात. कोल्ह्याचा ठसा लहान आणि लांबट असतो. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो आणि बोटे एकमेकांना चिकटलेली दिसतात. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. लांडगा आणि मोठे गावकुत्रे यांत मात्र केवळ ठशावरून फरक करणे कठीण आहे. लांडगा सरळ रेषेत, पुढच्या पंजाच्या खुणेवरच मागचा टाकत लांबवर जातो, आणि कुत्रे वास घेत इकडे तिकडे भरकटते, म्हणून निदान शंभर पावले माग धरून चालल्याशिवाय निर्णय देऊ नये. मेंढपाळांचे कळप ज्या माळावर उतरले आहेत तेथे तर विशेष सावध राहावे, कारण त्यांच्याबरोबर मोठी कुत्री असतात.

खुरांचे ठसे ओळखताना शेळी-मेंढीशी गल्लत होते. काळविटाचे खूर अरुंद आणि पुढे टोकदार असतात, शेळीचे बोथट. रानडुकराच्या खुरांमागे दोन उपखुरांच्या खुणा बाहेरच्या अंगाला रुतलेल्या दिसतात, आणि जवळपास मुस्कटाने उकरलेली जमीन असतेच. सशाचे वेगळेच: उडी मारताना मागचे मोठे पाय पुढे पडतात आणि पुढचे लहान पाय त्यांच्या मागे एकामागोमाग उमटतात, त्यामुळे नवशिका हमखास त्याच्या जाण्याची दिशा उलटी समजतो.

ठसा किती जुना आहे हे ठरवता आले की मागाला अर्थ येतो. रात्री दव पडले असेल आणि आजूबाजूच्या धुळीवर थेंबांची बारीक खोलगटे असतील, परंतु ठशाच्या आत ती नसतील, तर प्राणी दव पडल्यानंतर गेला आहे. ठशावरून मुंग्यांची किंवा किड्यांची रेघ गेली असेल तर तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा असण्याची शक्यता जास्त. कडा ढासळल्या, आत पालापाचोळा साचला, म्हणजे तो कालचा किंवा त्याआधीचा. चिखलातील ठसा वाळून आठवडाभर टिकतो, म्हणून ओढ्याकाठी दिसलेल्या पंजावरून गावात लगेच दवंडी पिटू नये.

छायाचित्र काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि कॅमेरा बरोबर वरून धरावा, तिरका धरल्यास मापे खोटी येतात. ठशाचा साचा घ्यायचा असल्यास त्याभोवती जाड कागदाच्या पट्टीचे कडे उभे करावे, प्लास्टर ऑफ पॅरिस भजीच्या पिठाइतके सरबरीत कालवून कडेने हलकेच ओतावे आणि अर्धा तास हात लावू नये.

विष्ठेवरूनही पुष्कळ कळते. तरस हाडे पचवते, म्हणून त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते. बिबट्याच्या विष्ठेत केस असतात आणि ती पिळवटलेली, टोकाशी निमुळती असते. उदमांजर उंच दगडावर किंवा बांधावर विष्ठा टाकते आणि तीत फळांच्या बिया भरलेल्या असतात. कोल्ह्याच्या विष्ठेत बोरांच्या मोसमात बोरांच्या बिया सापडतात. काळवीट एकाच जागी वारंवार लेंड्या टाकते, आणि असा ढीग म्हणजे बहुधा एखाद्या नराने राखलेल्या हद्दीची खूण असते. विष्ठा उघड्या हाताने कधीही उचलू नये, काडीने उलगडावी आणि वास घेण्यासाठी तोंड जवळ नेऊ नये, कारण तीत माणसाला बाधणाऱ्या कृमींची अंडी असू शकतात.

वारा, आवाज आणि बसणे

रानात पाहण्याचे काम चालण्यापेक्षा बसण्याने अधिक होते. जागा निवडण्यापूर्वी चिमूटभर धूळ हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहावी आणि वारा प्राण्याच्या वाटेकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसावे. अत्तर, अगरबत्तीचा वास लागलेले कपडे, तंबाखू, फडफडणारे प्लास्टिकचे जॅकेट हे सारे घरी ठेवावे. मातकट किंवा वाळक्या गवताच्या रंगाचे सुती कपडे पुरेसे असतात. महागडा छद्मवेश घेण्याची काही गरज नाही.

बसल्यावर कान उघडे ठेवावेत. टिटवी एकाच जागेभोवती घिरट्या घालत ओरडत असेल तर खाली जमिनीवर कोणीतरी चालत आहे. सातभाईंचा थवा झुडपाकडे तोंड करून कलकलाट करू लागला तर तेथे साप, मुंगूस किंवा मांजर असते. वानराचा खोल खकारा आणि मोराची तुटक हाक एकाच दिशेकडून आली, तर त्या दिशेला बिबट्या असू शकतो, आणि अशा वेळी पुढे जाऊन खात्री करण्याचा मोह आवरून गाडीकडे परतावे.

ऋतूप्रमाणे काय पाहावे

ज्येष्ठ-आषाढात पहिल्या पावसाने जमीन मऊ होते आणि ठसे सुंदर उमटतात, पण पुढच्या सरीत पुसूनही जातात. हा बहुतेक पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. तितर, लावा आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात, म्हणून गवताळ माळावर मळलेली वाट सोडून चालू नये आणि पाळीव कुत्रा बरोबर नेऊ नये. सुगरणीची किंवा इतर कोणत्याही पक्ष्याची घरटी सापडली तरी त्यांची छायाचित्रे ठिकाणासकट समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

आश्विन-कार्तिकात गवत पुरुषभर वाढलेले असते आणि प्राणी दिसणे अवघड होते. याच सुमारास सुरगाणा आणि पेठ भागात वाघबारस साजरी होते. वाघदेवाची पूजा करून गुराढोरांचे रक्षण मागणारा हा सण पाहुण्याने आदराने आणि बोलावल्यासच पाहावा. गावातली जाणती माणसे प्राण्यांच्या वाटांविषयी तेथे जे सहज बोलून जातात, ते आपल्या चार रात्रींच्या जागरणातून कळत नाही. त्यांना वाटाड्या म्हणून बरोबर घेतल्यास योग्य मोबदला द्यावा.

मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ नांदूरमध्यमेश्वरचा. सकाळी धुके असते, त्यामुळे फार पहाटे पोहोचण्यापेक्षा धुके विरू लागताना मनोऱ्यावर असावे. दुर्बीण आठ किंवा दहा पट वाढवणारी असली की पुरते. बदकांचा थवा अचानक एकदम उठला तर आकाशात पाहावे, कारण पाणथळीवर घिरट्या घालणारा भोवत्या हा शिकारी पक्षी बहुधा वर असतोच.

याच महिन्यांत निफाड, सिन्नर, दिंडोरी आणि नाशिक तालुक्यांत ऊसतोड चालू असते, आणि उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते. तोडणी करताना पिल्ले दिसली तर त्या भागातील काम तत्काळ थांबवावे, पिल्लांना हात लावू नये, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढू नयेत आणि १९२६ या वनविभागाच्या मदत क्रमांकावर कळवावे. वनकर्मचारी बहुतेक वेळा पिल्ले त्याच जागी सुरक्षित ठेवून रात्री आईची वाट पाहतात, आणि आई येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्ले दूर नेली की चिडलेली मादी वस्तीभोवती फिरत राहते आणि धोका वाढतो. बिबट्या समोर आलाच तर पळू नये, वाकू किंवा बसू नये, मुलांना उचलून घ्यावे, हात वर करून मोठ्याने आवाज करावा आणि त्याच्याकडे पाहतच मागे सरकावे. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला शौचास किंवा मोटार चालू करण्यास एकट्याने जाऊ नये. जावेच लागले तर बॅटरी, काठी आणि मोबाईलवरचे गाणे बरोबर असावे.

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत पाने गळतात, पाणी आटते आणि प्राणी उरल्या पाणवठ्यांकडे येतात. पाहणाऱ्यासाठी हा सर्वांत चांगला आणि प्राण्यांसाठी सर्वांत खडतर काळ आहे, म्हणून येथे संयम सर्वाधिक लागतो. पाणवठ्यापासून किमान पन्नास-साठ मीटर दूर, आडोशाला बसावे, आणि सूर्यास्तानंतर तेथे थांबू नये. आपण रात्रभर पाण्याशेजारी बसलो, तर पंधरा किलोमीटर चालून आलेला लांडगा तहानलेला परत जातो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवर प्राणिगणना करतो. मचाणावरून पाहण्याची इच्छा असलेल्यांनी स्वतःची मचाणे न बांधता त्या गणनेत स्वयंसेवक म्हणून नाव द्यावे.

फासा सापडल्यास

माग काढत फिरणाऱ्या माणसाला कधी ना कधी फासा सापडतोच. तो बहुधा बांधाच्या फटीत, कुंपणाखालच्या वाटेवर किंवा पाणवठ्याच्या चढावर, दुचाकीच्या क्लचच्या तारेचा केलेला असतो. लावलेला असतो डुकरासाठी किंवा सशासाठी आणि अडकतो त्यात बिबट्या किंवा तरस. तो स्वतः काढू नये, कारण तो पुरावा आहे, आणि त्यात प्राणी अडकलेला असेल तर जवळ जाणे प्राणघातक ठरू शकते. शेतकडेला कणकेत किंवा मांसात गुंडाळलेला गोळा दिसला तर तो डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असू शकतो. त्याला पायानेही स्पर्श करू नये आणि कुत्र्याला दूर ठेवावे. दुरून छायाचित्र घ्यावे, मोबाईलवर ठिकाणाची खूण जतन करावी, आसपासच्या पाऊलखुणा आणि गाडीच्या चाकांचे माग पुसले जाणार नाहीत अशा रीतीने मागे फिरावे आणि १९२६ वर कळवावे. कळवताना गाव, शिवार, गट क्रमांक माहीत असल्यास तो, जवळची ठळक खूण, किती वाजता दिसले आणि प्राणी जिवंत आहे की नाही, एवढ्या गोष्टी सांगाव्यात. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि वनरक्षक येईपर्यंत, गर्दी जमू न देता, वाऱ्याच्या खालच्या बाजूला थांबून राहावे.